परसाकडची भिंत

मला मॅडमचा राग आहे, आणि तो इतक्यात उतरू नये म्हणून मी हे लिहून ठेवते आहे. ही वही मापांची आहे. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची मापं आहेत, मागच्या पानांवर हे. आमच्या घरात मापांची वही कुणी उघडत नाही.

भांडण एका चित्राचं आहे. दोन हात रुंद, दीड हात उंच कॅनव्हासवर मी माझ्या माहेरच्या घराची मागची भिंत केली होती. थोडी रंगानं, थोडी कापडाची कातरणं चिकटवून. ते चित्र मी केलं तसंच राहावं, एवढंच मला पाहिजे होतं. दुसरं काही मी त्या बाईकडं मागितलं नव्हतं.

माझं माहेर रेणापूरच्या अलीकडचं. गावात शाळा चौथीपर्यंत होती, म्हणून मी चौथी. लग्न होऊन नांदेडला आले आणि पुढच्या खोलीत मशीन टाकून फॉल-पिको करायला लागले. वीस वर्षं मी एकच काम करते आहे, दुसऱ्याच्या साडीचा रंग बघायचा आणि त्याला मिळता धागा शोधायचा. बाजारात ज्या चाचांकडून मी धागा घेते, त्यांनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, "बेटी, रंग दुकानात बघू नको. ट्यूबलाइट झूट बोलती. दरवाजात जा." तेव्हापासून मी रीळ आणि साडी घेऊन दारात उभी राहते. रामा, आमसुली, चिंतामणी, अबोली, गेरू हे मला डोळे मिटून सांगता येतात. पण एकही रंग मी स्वतः केलेला नव्हता. सगळे दुसऱ्यांनी केलेले, मी फक्त जुळवायचे.

मॅडम आमच्या गल्लीच्या पुढच्या कॉलनीत राहतात. नवरा कॉलेजात शिकवतो. मूळच्या तिकडच्या, पुण्याकडच्या. त्यांच्या हॉलमध्ये बायकांचा पेंटिंगचा क्लास चालतो. एकदा पाच साड्या फॉलला घेऊन आल्या आणि मशीनखालचं पोतं बघून म्हणाल्या,

"एवढ्या चिंध्यांचं काय करतेस गं?"

"उशीत भरते."

"मला दे. क्लासला कोलाजसाठी लागतात."

मी कसं काय बोलले मला माहीत नाही. म्हणाले, "देते. पन मला बी बसू द्या."

त्या हसल्या. वाईट नाही, पण बराच वेळ हसल्या. "बस की. मागं बस."

अशी मी मागं बसायला लागले. घरी नवरा म्हणाला, "आता काय बारा महिने रंगपंचमी?" आणि जेवायला बसला. त्याचा प्रश्न तेवढाच होता, त्याचा मला राग नाही.

क्लासमध्ये आठ बायका होत्या. त्या सगळ्यांना मॅडम "तुम्ही" म्हणायच्या. मला "तू". त्यातल्या एक बाई, ज्यांचा नवरा बँकेत आहे आणि ज्यांना सगळ्या बँकवाल्या बाई म्हणतात, त्या तेवढ्या माझ्याशी बोलायच्या. बोलायच्या म्हणजे विचारायच्या, "मावशी, माझी साडी झाली का?"

शिकवायला मॅडम वाईट नव्हत्या, हे लिहिलं नाही तर खोटं होईल. त्यांनी सांगितलं की चित्र डोळे किलकिले करून बघायचं, म्हणजे कुठं जड झालंय ते कळतं. चित्र उलटं टांगायचं, म्हणजे घर, झाड असं न दिसता नुसते तुकडे दिसतात आणि तोल गेलेला असला तर लगेच समजतो. मधोमध काही ठेवायचं नाही. ट्यूबमधला काळा सरळ लावायचा नाही, लावला की चित्राला भोक पडतं, त्यापेक्षा निळ्यात विटकरी मिसळायचा. हे सगळं मी घरी येऊन ह्याच वहीत लिहायचे. रामा रंग तिथं कुणाला माहीत नव्हता. मी विचारलं, "मॅडम, रामा कसा करायचा?" तर सगळ्या हसल्या. एकजण म्हणाली, "आता लक्ष्मण पण विचारा." मी तो माझा मी केला. हिरवा, त्यात निळा, आणि नखावर मावेल एवढा तांबडा, म्हणजे त्याचा भडकपणा मरतो. खाली बसून केला आणि कुणाला दाखवला नाही.

पहिलं चित्र माझं फसलं, आणि फसलं ते माझ्या कामामुळंच. कापड ओलं असलं की गडद दिसतं आणि वाळलं की उघडतं. हे मी जन्मभर बघितलेलं. म्हणून मी प्रत्येक रंग मुद्दाम जास्त गडद कालवला, की वाळून बरोबर होईल. ॲक्रिलिकचं उलटं असतं. ते ओलं असताना फिकं आणि वाळल्यावर गडद. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर माझं आकाश तव्याच्या बुडासारखं.

मॅडमनी ते सगळ्यांपुढं उचलून धरलं. "बघा, हे काय आहे?"

"अमावस्या," कुणीतरी म्हणालं.

"वाळल्यावर गडद होतं, पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी. पण काहीजणी ऐकायलाच चौथीपर्यंत शिकल्यात."

पहिल्या दिवशी मी नव्हतेच. त्या दिवशी मी त्यांच्याच साड्यांना फॉल लावत होते.

मग मी धाग्याच्या दुकानात असतं तसं शेड कार्ड केलं. साडीच्या खोक्याचे पुठ्ठे कापले, प्रत्येक रंगाचा ठिपका दिला, खाली लिहिलं कशात काय किती मिसळलं. वाळल्यावर शेजारी तोच रंग पुन्हा ओला लावून बघायचा की किती फरक पडतो. पन्नासेक ठिपके झाले. मॅडमनी बघितलं आणि भिंतीला लावलं. नव्या बायका आल्या की त्या म्हणायच्या, "हे आमचं क्लासचं कार्ड." उन्हाळ्यात रंग ताटलीतच वाळायचा, कुंचला लागेपर्यंत कातडं धरायचं. मी ताटलीत ओलं फडकं घातलं, त्यावर कागद, त्यावर रंग. विड्याची पानं आपण ठेवतो तसं. आठवड्याभरात सगळ्यांच्या ताटलीत फडकं आलं, आणि एका नव्या बाईला मॅडम सांगत होत्या, "ही माझी युक्ती." मी मागं बसून चिंध्या निवडत होते. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. त्यामुळं त्यांना सवय लागली.

दिवाळीनंतर लातूरला प्रदर्शन ठरलं. प्रत्येकीचं एक चित्र. मॅडम म्हणाल्या, "तूही कर एखादं. चिंध्यांचं कर."

मी भिंत केली. आमच्या घराच्या मागची, मातीची, वर पांढरी माती मारलेली. ह्या भिंतीला लागूनच परसाकडं जायची वाट होती. दुपारी तिकडं कुणी नसायचं. अर्ध्याहून जास्त चित्र म्हणजे नुसती ती भिंत, उजवीकडं खाली एक लहान दार, वर लिंबाची जराशी सावली. भिंतीच्या पांढऱ्यासाठी पांढऱ्यात नीळ घालतो तसा निळ्याचा थेंब टाकला, मग तो थंड वाटला म्हणून थोडा गेरू. तरी जुनी भिंत होईना. पांढरीवर पांढरी मारत गेलं की खालचे डाग आणि पोपडे अर्धवट दिसतात, ते काही रंगानं येईना. मग मी छापील कापडाची कातरणं लावली. उलटी बाजू वर करून. फॉल लावताना मी साडीची उलटी बाजूच बघत असते, तिथं छाप असतो पण पुसल्यासारखा. तो चिकटवला आणि वर पातळ पांढरा फिरवला, आणि भिंत झाली. मी डोळे किलकिले केले, ती लांब गेली. सुलटं कापड लावलं असतं तर पुढं येऊन बसली असती.

बायकांनी बघितलं.

"मावशी, हे उलटं लागलं ना."

"साडी नेसताना तर नीट नेसता, मग हे काय?"

"असू द्या, गम लावताना समजलं नसेल."

मी मान खाली घातली. समजावून सांगायचं तर शब्द होते माझ्याकडं, पण ते बाहेर यायला जो वेळ लागतो तेवढ्यात दुसऱ्याच कुणाचं बोलणं सुरू होतं.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना ते आवडलं होतं, मला कळत होतं. म्हणून तर त्यांनी पुढचं केलं.

"इथं इतकं रिकामं का? नजर कुठं थांबणार?"

"दुपार हाय. कुनी नसतं तिथं."

"मग एखादी बाई टाक. डोक्यावर घागर, पिवळं लुगडं. खेड्यातलं वाटायला पाहिजे की नाही? लातूरला पाहुणे येणार आहेत."

मला सांगायचं होतं की त्या वाटेनं घागर येत नाही. आड पुढच्या अंगाला होता. ती वाट परसाकडची. पण आठ बायका, चहाचे कप, बशीत बिस्किटं, आणि तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, "मॅडम, ते तसं न्हाई." एवढंच. त्या म्हणाल्या, "विचार कर," आणि दुसरीकडं गेल्या. मी विचार केला आणि बाई टाकली नाही. चित्रं टेम्पोनं जाणार म्हणून चार दिवस आधी त्यांच्याकडं ठेवायची होती, वार्निश मारायला. मी ठेवून आले.

लातूरला सगळ्या गाडीतून गेल्या. मला म्हणाल्या, "तुला एसटी बरी पडेल ना?" मी लोह्यावरून एसटीनं गेले. माझी थोरली बहीण रेणापूरला दिलेली आहे, तिला मी कळवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी केलेलं काही कुठं टांगलं जाणार होतं, आणि ती भिंत ओळखू शकेल असं दुसरं माणूस आता राहिलेलं नाही. ती स्टँडवर उभी होती, इस्त्रीचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन. हॉलच्या दारात तिनं चपला काढल्या. मी म्हणाले, "अक्का, इथं काढत न्हाईत." "असू दे," म्हणाली.

आम्ही चित्रापुढं उभ्या राहिलो. भिंतीच्या ऐन मधोमध एक बाई चालत होती. पिवळं लुगडं, डोक्यावर पितळेची घागर, कंबर वळवलेली. चेहरा नव्हता. लुगड्याचा पिवळा असा भडक की माझी भिंत तिच्या मागं पडद्यासारखी झाली होती. मधोमध काही ठेवायचं नाही म्हणणाऱ्या बाईनं ती मधोमध ठेवली होती.

अक्का वाकून बघत होती.

"ही तर आपली मागली भिंत!" ती खूश झाली. मग थांबली. "पन ही कोन गं?"

मी मॅडम कुठं दिसतात का बघत होते.

"घागर घेऊन कुठून आली ही? इकडून?" अक्काचा आवाज पहिल्यापासून मोठा, शेतातून हाक मारायचा. "अगं, ही तर परसाकडची वाट! परसाकडून पिन्याचं पानी आनलं व्हय हिनं?"

शेजारचे दोघं-तिघं वळले. एक म्हातारे गृहस्थ चष्मा सावरत जवळ आले आणि हसायला लागले. अक्काला वाटलं त्यांना समजलं नाही, म्हणून तिनं त्यांना समजावून सांगितलं.

"न्हाई, तुमीच सांगा. तिकडून येनाऱ्या बाईच्या हातात टमरेल असतं. डोक्यावर घागर कामून राहील?"

आता सगळीकडून हसू. हे हसणं मला ओळखीचं होतं, फक्त ह्या वेळेला ते माझ्यावर नव्हतं. खोटं कशाला लिहू, मला ते गोड लागलं.

मॅडम लगबगीनं आल्या. "काय झालं?"

"ह्या ताई म्हणतात की बाई चुकीच्या वाटेनं आलीय," म्हातारे म्हणाले.

"ते प्रतीक आहे," मॅडम म्हणाल्या. "ग्रामीण स्त्रीचं."

"आसंल," अक्का म्हणाली. "पन पानी कोन पिनार ते?"

मॅडम अक्काला सोडून माझ्याकडं वळल्या. दात आवळून, हळू आवाजात. "हिला कुणी आणलं इथं? काही समज आहे का तुला?"

तरी मी म्हणाले, "मॅडम, तिला काढा."

"कुणाला?"

"ह्या बाईला. मी न्हाई रंगवलेली. तुमी रंगवली."

"ॲक्रिलिक आहे ते. वाळलेलं निघत नाही. आणि मी हात लावला म्हणून इथं टांगलं गेलं, नाहीतर ह्या रिकाम्या भिंतीला कोण विचारतं? चिंध्या आणायच्या तू, चिंध्या. डोक्यावर बसू नकोस."

मी हात वर केले आणि चित्र खिळ्यावरून काढलं. कोपरा भिंतीला आपटला. मॅडम म्हणाल्या, "ठेव ते. कॅनव्हास क्लासचा आहे. ठेव म्हणते ना!" अक्कानं दुसरा कोपरा धरला. बँकवाल्या बाई दाराजवळ होत्या, त्या बाजूला झाल्या. अक्काच्या चपला आम्हाला लगेच सापडल्या नाहीत, आणि तेवढा वेळ मी चित्र छातीशी धरून दारात उभी होते, आणि आतून सगळे बघत होते. तो वेळ फार वाईट होता.

रेणापूरला अक्काच्या ओसरीवर मी पिवळ्या बाईवर कापड लावलं. माझ्याकडचं त्या छापाचं कातरण संपलेलं होतं. अक्काचं एक जुनं पातळ फाडलं, उलटं केलं, लेकराच्या दप्तरातला पांढरा गोंद घेऊन चिकटवलं. रंग अगदी मिळाला नाही. बाई दिसत नाही, पण तिथं काहीतरी झाकलंय हे दिसतं. अक्का म्हणाली, "पोपडा निघून लिंपल्यावानी दिसतंय." असं ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. मला बरं वाटलं नाही. भिंत होती तशी परत झालेली नाही, आणि होणारही नाही. त्याबद्दल मी मॅडमना माफ केलेलं नाही.

आठ दिवसांनी बँकवाल्या बाई आल्या. मला वाटलं फॉलचं काम असेल. त्या स्टुलावर बसल्या, इकडंतिकडं बघितलं, भिंतीला टेकवलेलं चित्र बघितलं.

"मावशी, तुमच्याशिवाय क्लास सुना सुना वाटून राहिला."

"चिंध्या संपल्या का?"

त्या ओशाळल्या. "तसं नाही हो. मॅडम म्हणाल्या, झालं गेलं सोडून देते मी. एकदा येऊन सॉरी म्हणा. आणि..." त्यांनी पदर सारखा केला. "कॅनव्हास तेवढा परत मागितलाय. क्लासचा आहे ना तो."

मी उठले. चित्र मशीनवर पालथं घातलं. मागच्या बाजूला लाकडी चौकटीला कापड पिनांनी ठोकलेलं असतं. पिना मी कातरीच्या टोकानं एकेक उचकटल्या. बरंच काम होतं. बँकवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, फाटेल," आणि स्टूल जरा मागं सरकवलं. कापड सुटलं. ते मी गुंडाळलं आणि कपाटात साड्यांच्या वर ठेवलं. चार पट्ट्यांची ती रिकामी चौकट सुतळीनं बांधली. मग कोरं मांजरपाट काढलं, चौकटीवर धरून मापलं, चारी बाजूंनी दुमडायला चार बोटं जास्त ठेवलं आणि कापलं. घडी घालून चौकटीवर ठेवलं. मॅडमची एक साडी माझ्याकडं फॉलला पडून होती, ती पण त्यावर ठेवली. फॉल न लावता.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

"लाकूड त्यांचं. कापडाला कापड. साडी त्यांची."

"आणि चित्र?"

"ते माझं हाय."

त्यांनी सगळं उचललं. चौकट दारात अडकली, ती मी तिरपी करून दिली. पायरीवर जाऊन त्या थांबल्या. "त्यांना मी सांगू काय?"

"सांगा, मापून घ्या म्हनावं," मी म्हणाले. "कमी भरलं तर मी इथंच हाय."